पंखांचा सांधा

मकरसंक्रांतीच्या दिवसांत प्रभादेवीच्या जुन्या चाळींच्या गच्च्या मुलांनी फुलून जातात. पश्चिमेस समुद्र जवळच असल्यामुळे दुपार कलली की वारा वाहू लागतो आणि पाहता पाहता आकाश रंगीबेरंगी पतंगांनी भरून जाते. या पतंगांकडे लक्षपूर्वक पाहणाऱ्यास एक मौज आढळून येते. मांजा खेचला की वाऱ्याच्या दाबाने पतंगाची कमान वाकते, त्याच्या दोन्ही बाजू किंचित मागे झुकतात आणि पतंग बाणासारखा सरळ चालू लागतो. ढील दिली की कमान पुन्हा सपाट होते आणि तोच पतंग गिरक्या घेऊ लागतो. कागद तोच, कामट्या त्याच आणि वाराही तोच. फरक पडतो तो दोन बाजूंमधील कोनाचा.

हाच कोन विमानाच्या पंखांतही असतो. मात्र पतंगाची कामटी जशी वाऱ्याने वाकते, तसा लाकडी पंख वाकत नाही. त्याचे डावा आणि उजवा असे दोन भाग निराळे करून ते कोन साधून मध्यभागी सांधावे लागतात. सांधा आला की सांध्याची काळजी आली. विमान लहान मुलांनी केलेले असो की मोठ्या कारखान्यात घडलेले असो, त्याचे भवितव्य पुष्कळदा या सांध्यावर अवलंबून असते.

प्रभादेवीच्या अशाच एका चाळीतील दोघा भावंडांनी बाल्सा लाकडाचे विमान करावयास घेतले, असे समजू. बहीण आठवीत आणि भाऊ सहावीत. विमानास यंत्र नव्हते. हाताने फेकले असता वाऱ्यावर तरंगत जाणाऱ्या अशा विमानास ग्लायडर म्हणतात. बाल्साचे झाड मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतील. त्याचे लाकूड सागवानाच्या साधारणपणे पाव वजनाचे, पण हलकेपणाच्या मानाने चांगले बळकट असते. दोघांनी पंधरा दिवस खपून पंख कापले, घासून गुळगुळीत केले, धड व शेपूट तयार केली आणि पंखांचे दोन भाग गोंदाने जोडले. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनास आठच दिवस उरले होते. रविवारी सकाळी शिवाजी पार्कच्या मैदानावर भावाने विमान फेकले. ते दहा-बारा पावले गेले असेल नसेल, तोच टाळी वाजवावी तसे त्याचे दोन्ही पंख वर मिटले आणि धड नाकावर आपटले.

तुकडे गोळा केल्यावर असे दिसून आले, की डावा पंख जसाच्या तसा होता आणि उजव्यालाही ओरखडा नव्हता. तुटला होता तो केवळ मधला सांधा.

"ताई, गोंद कमी पडला," भाऊ रडवेल्या स्वरात म्हणाला. "या वेळी भरपूर लावू."

घरी आल्यावर आजोबांनी ते दोन तुकडे हाती घेतले. त्यांचे तरुणपण एका कापड गिरणीच्या सुतारखात्यात गेले होते. तुटलेल्या तोंडावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि ते म्हणाले, "गोंद कमी नाही पडला, बाळा. तो जास्तच झाला आहे."

भाऊ चकित झाला. परंतु आजोबांचे म्हणणे खरे होते. ते कसे, हे समजण्यासाठी प्रथम उडत्या विमानाच्या सांध्यावर काय प्रसंग ओढवतो, ते पाहिले पाहिजे.

विमान जमिनीवर असते तेव्हा पंख धडाच्या आधाराने असतात. ते आकाशात गेले की हे नाते उलटते. मग धडच पंखांच्या आधाराने लटकत असते. या मुलांच्या विमानाचे सर्व वजन ८० ग्रॅम होते. त्यांपैकी दोन पंखांचे ४० ग्रॅम, आणि धड, शेपूट व नाकात बसवलेले वजन मिळून उरलेले ४० ग्रॅम. हे ४० ग्रॅम दोन पंखांनी वाटून घ्यावयाचे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास २० ग्रॅम आले. वीस ग्रॅम म्हणजे काही मोठे ओझे नव्हे. मग सांधा तुटला कसा?

येथे तरफेचा नियम लागू पडतो. प्रत्येक पंख ३० सेंटिमीटर लांबीचा होता. पंखाखालची हवा त्यास वर उचलते, ती त्याच्या सबंध लांबीवर. ही उचल मध्यावर, म्हणजे सांध्यापासून १५ सेंटिमीटरांवर एकवटली आहे असे मानले, तर तिचा वाकवण्याचा जोर २० गुणिले १५, म्हणजे ३०० होतो. या जोरास सांध्याने तोंड द्यावयाचे. परंतु सांध्यापाशी पंखाची जाडी अवघी अर्धा सेंटिमीटर. तरफेची एक भुजा १५ सेंटिमीटरांची आणि दुसरी अर्ध्या सेंटिमीटरची! ३०० ला अर्ध्याने भागले असता ६०० येतात. याचा अर्थ असा, की पंखावर २० ग्रॅमांची उचल असता सांध्याच्या वरच्या कडेवर निदान ६०० ग्रॅमांचा दाब आणि खालच्या कडेवर तितकीच ओढ पडते. अर्धा लिटर दुधाची पिशवी त्या सांध्यास टांगावी, त्याहून हा भार अधिक आहे. विमान दुप्पट वेगाने फेकले, तर पंखाची उचल चौपटीपर्यंत वाढू शकते आणि त्याच प्रमाणात ही ओढही वाढते.

वर दाब आणि खाली ओढ ही गोष्ट एका खोडरबरावरून सहज पटेल. खोडरबराची दोन्ही टोके चिमटीत धरून ती वर उचलावी. वरची बाजू चेपली जाते आणि खालची ताणली जाते. खालच्या बाजूस आधीच एखादी चीर असेल, तर ती आ वासून उघडते. वरच्या बाजूची चीर मात्र अधिकच मिटते. उडत्या पंखाचे तसेच आहे. त्याच्या सांध्याचे दुखणे बहुधा खालच्या बाजूने सुरू होते.

आता त्या मुलांनी सांधा कसा केला होता, ते पाहू. दोन्ही पंखांची तोंडे त्यांनी सरळ काटकोनात कापली होती. मग टोके वर उचलून ती तोंडे एकमेकांस भिडवली. असे केले असता तोंडे वरच्या कडेवर तेवढी टेकतात आणि खाली फट राहते. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या त्या पंखांत ही फट सुमारे एक मिलिमीटरची होती. मुलांनी ती गोंदाने भरून काढली. गोंद ओला असता फट भरल्यासारखी दिसली. परंतु लाकडाचा पांढरा गोंद वाळतो, तो त्यातील पाणी निघून गेल्यामुळे. पाणी गेले की गोंद आकसतो आणि जाड थरात पोकळ्या राहतात. अशा रीतीने जेथे सर्वांत अधिक ओढ बसावयाची, नेमके तेथेच लाकडास लाकूड भिडलेले नव्हते. गोंद पुष्कळ होता, परंतु सांधा नव्हता. आजोबांच्या बोलण्याचा अर्थ हाच होता.

दुसरीही एक चूक झाली होती. लाकडाचे तंतू पंखाच्या लांबीच्या दिशेने गेलेले असतात. म्हणूनच पंख लांबीत बळकट असतो. पण त्यामुळे त्याच्या कापलेल्या तोंडावर तंतूंची नुसती टोके येतात. ही टोके म्हणजे बारीक नळ्यांची तोंडेच होत. ती गोंद शोषून घेतात आणि पृष्ठभागावर गोंद थोडाच उरतो. टोकास टोक चिकटवून केलेला जोड कोणत्याही लाकडात दुबळाच ठरतो. म्हणूनच खुर्ची किंवा दरवाजाची चौकट करताना सुतार नुसती टोके चिकटवीत नाही. तो एका लाकडास कूस करतो आणि ती दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवतो.

येथे कोणी असे विचारील, की सांध्याची एवढी पंचाईत असेल, तर एकच अखंड सपाट पंख का करू नये? तसा पंख उडत नाही असे नव्हे. परंतु हाताने फेकलेल्या विमानात वैमानिक नसतो. वाऱ्याच्या झोताने ते एका बाजूस कलले, तर त्यास सावरणार कोण? हे सावरण्याचे काम पंखांच्या चढत्या कोनाकडे असते. दोन्ही पंखांची टोके मध्यापेक्षा उंच असली, की समोरून पाहता पंखांचा आकार पसरट द्रोणासारखा दिसतो. असे विमान डावीकडे कलले, की ते थोडेसे डावीकडे घसरू लागते. घसरताना हवा त्या बाजूने त्याच्याकडे येते. पंख चढते असल्यामुळे ती हवा खाली गेलेल्या डाव्या पंखास अधिक खालून लागते, तर उजव्या पंखास तितकी खालून लागत नाही. त्यामुळे डाव्या पंखाची उचल वाढते, उजव्याची कमी होते आणि विमान पुन्हा समतोल होते. खेचलेला पतंग स्थिर का राहतो, याचे उत्तरही यातच आहे.

हे रहस्य माणसास फार वर्षांपूर्वी उमगले. सर जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाने १८०४ साली एका काठीवर पतंगाच्या आकाराचा पंख बसवून लहानसे ग्लायडर उडविले. पुढे काही वर्षांनी लिहिलेल्या निबंधांत त्याने पंखांच्या चढत्या कोनाचा उपयोग स्पष्ट केला. १८७१ साली आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारे छोटे विमान पॅरिसच्या एका बागेत उडवून दाखविले. त्याच्या पंखांची टोके वर वळवलेली होती. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले, आणि त्यास हाताळणारे आकाशात कोणी नव्हते. याच्या उलट, राइट बंधूंनी १९०३ साली जे विमान उडविले, त्याचे पंख टोकांकडे किंचित खाली झुकलेले होते. ते विमान आपोआप सावरत नसे. वैमानिकास क्षणोक्षणी सावध राहून त्यास तोलावे लागे. ज्या विमानात वैमानिक नाही, त्यास ही चैन परवडणारी नाही. तेव्हा कोन हवाच, आणि कोन हवा म्हणजे सांधाही हवा.

मुलांनी आजोबांच्या देखरेखीखाली सांधा नव्याने करावयास घेतला. त्यांनी जे केले, ते कोणासही करून पाहता येईल.

प्रथम त्यांनी कोन ठरविला. दोन्ही टोके मध्यापेक्षा ३ सेंटिमीटर उंच असावीत असे ठरले. लांबी ३० आणि चढ ३, म्हणजे दर १० सेंटिमीटरांस १ सेंटिमीटर. कोनमापकाने मोजल्यास हा कोन प्रत्येक बाजूस सहा अंशांहून किंचित कमी भरतो.

मग तोंडे घासण्याचे काम आले. एक पंख टेबलावर असा ठेवला, की त्याचे जोडावयाचे तोंड टेबलाच्या कडेशी बरोबर यावे. दुसऱ्या टोकाखाली ३ सेंटिमीटर उंचीचा ठोकळा दिला. एका चौकोनी लाकडास काचकागद गुंडाळला आणि ते लाकूड टेबलाच्या कडेस टेकवून, उभे धरून, तोंड हलक्या हाताने घासले. लाकूड खरोखरच उभे आहे की नाही, हे आजोबा आपल्या जुन्या गुण्याने तपासून पाहत. ठोकळ्यामुळे पंख तिरपा असतो. म्हणून उभे घासले की तोंडाची वरची कड थोडी झिजते आणि तोंडास आपोआप हवा तेवढा तिरपेपणा येतो. दुसऱ्या पंखाचेही असेच केले. नंतर दोन्ही तोंडे भिडवून पंख खिडकीच्या उजेडापुढे धरले. पहिल्या खेपेस फटीतून उजेडाची एक बारीक रेघ दिसली. पुन्हा घासले. तिसऱ्या खेपेस मात्र उजेड दिसला नाही. तेव्हाच आजोबांनी मान हलविली.

"आता गोंद लावू?" भावाने विचारले.

"आधी कूस," आजोबा म्हणाले.

पंखाची कूस म्हणजे प्लायवुडची एक पट्टी. प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात. म्हणून ते सहजासहजी चिरत नाही. दीड मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडमधून १० सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर उंच अशी पट्टी कापली. मात्र ती सरळ नव्हे. तिची दोन्ही टोके मध्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर उंच ठेवली. पाच सेंटिमीटरांस अर्धा, म्हणजे दहास एक. पंखांचाच तो कोन. मग पंख जेथे सर्वांत जाड असतो, म्हणजे पुढल्या कडेपासून सुमारे एक तृतीयांश रुंदीवर, तेथे दोन्ही तोंडांत ५-५ सेंटिमीटर लांबीच्या खाचा पाडल्या. धारदार पात्याचे हे काम आजोबांनी स्वतः केले. पट्टी उभी बसवावयाची, आडवी नव्हे. कारण पट्टी आडवी असता सहज लवते, उभी असता लवत नाही. फूटपट्टी दोन्ही प्रकारे वाकवून पाहिल्यास याचा प्रत्यय येतो.

या पट्टीने सांध्याचे स्वरूपच बदलते. पूर्वी सर्व ओढ तंतूंच्या टोकांवर, केसासारख्या एका रेषेवर येत होती. आता ती पट्टीच्या दोन्ही अंगांनी पाच-पाच सेंटिमीटर लांब अशा पृष्ठभागांवर पसरते. आणि तेथे गोंद तंतूंच्या टोकांस नव्हे, तर त्यांच्या अंगास धरतो. गोंद तोच, परंतु त्याचे बळ कितीतरी वाढते.

गोंदही दोन वेळा लावला. प्रथम तोंडांवर व खाचांत पातळ थर देऊन तो वाळू दिला. तंतूंच्या नळ्यांची तहान त्याने भागली. मग दुसरा पातळ थर देऊन, पट्टी बसवून, पंख जुळविले. फळीवर मेणकागद अंथरला होता. नाहीतर पंख एकमेकांस चिकटावयाचा आणि फळीसही! डावा पंख फळीवर सपाट ठेवून टाचण्यांनी रोवला आणि उजव्याच्या टोकाखाली ठोकळा दिला. बहिणीने येथे एक प्रश्न काढला, "आजोबा, चढ तर तीन सेंटिमीटरांचा. मग ठोकळा सहाचा का?" आजोबांनी उत्तर न देता एक कागद मधोमध दुमडून तिच्या हाती दिला. एक बाजू सपाट ठेवली, तर तिच्या वाट्याचा चढही दुसऱ्या बाजूस सोसावा लागतो, हे तिच्या लगेच ध्यानात आले. तीन आणि तीन मिळून सहा.

गोंद वाळण्याआधी आणखी एक तपासणी करावी लागते. पंखांच्या मागील कडेशी डोळा नेऊन पाहावे. दोन्ही पंख सारखेच झुकलेले असावेत. एक पिळलेला आणि दुसरा सरळ असे असता कामा नये. एका पंखाची पुढली कड दुसऱ्याहून थोडी जरी वर असली, तर तो पंख अधिक उचल धरतो, विमान एकाच बाजूस वळत राहते आणि शेवटी गिरक्या घेत खाली येते. असा सांधा तुटत नाही हे खरे. पण तो जन्मभर वाकडी वाट चालवतो. गोंद ओला आहे तोवरच हा दोष दूर करता येतो.

एवढे झाल्यावर सर्वांत कठीण काम उरले. ते म्हणजे स्वस्थ बसण्याचे. भाऊ दर तासाने सांध्यास बोट लावू पाहत होता. वरवर वाळलेला गोंद आतून ओला असतो, आणि अशा वेळी सांधा हलला तर तो पुन्हा तितकासा धरत नाही. म्हणून फळी कपाटावर ठेवण्यात आली आणि एक पूर्ण दिवस व रात्र तिला कोणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सांध्यावर खालून व वरून मलमपट्टीच्या जाळीदार कापडाची एकेक अरुंद पट्टी गोंदाने चिकटवली. खालची पट्टी उडताना बसणारी ओढ सोसते; वरची पट्टी विमान जमिनीवर आदळते तेव्हा उपयोगी पडते, कारण त्या क्षणी पंखांची टोके खाली झुकू पाहतात आणि ओढ वरच्या बाजूस येते. मुंबईच्या हवेत ओलावा फार. म्हणून आजोबांनी या पट्ट्यांनाही आणखी एक दिवस दिला. मग पंखांचा मध्य बोटावर तोलून पाहिला. उजवे टोक किंचित हलके होते. त्यास मेणाची गुंजेएवढी गोळी लावली.

"आता उडवू या," भाऊ म्हणाला.

"आकाशात परीक्षा घेण्याआधी ती घरात घ्यावी," आजोबा म्हणाले.

ही घरातील परीक्षा अगदी सोपी आहे. पंख धडावर रबरबँडने बांधावेत आणि पंखांच्या दोन टोकांखाली एकेक बोट देऊन सबंध विमान हळूच उचलावे. दोन बोटांवर ८० ग्रॅम, म्हणजे एकेका बोटावर ४० ग्रॅम. सांध्यापासून बोटाचे अंतर ३० सेंटिमीटर. म्हणून वाकवण्याचा जोर १,२०० झाला. यातून पंखाच्या स्वतःच्या वजनाचे २० गुणिले १५, म्हणजे ३०० वजा करावयाचे. कारण ते वजन उलट दिशेने काम करते. बाकी उरले ९००. संथ उडताना हा जोर ३०० होता. म्हणजे उडताना सोसावा लागतो त्याच्या तिप्पट भार सांध्यावर येथेच पडून जातो. बहिणीने विमान उचलले. पंख थोडेसे लवले, पण सांधा कुरकुरलादेखील नाही. पंख रबरबँडने बांधण्यातही हेतू असतो. विमान कोठे आपटलेच, तर पंख धडावरून सरकतात आणि सांध्यास बसणारा धक्का हलका होतो.

मोठ्या विमानांच्या बाबतीतही हीच रीत पाळली जाते. प्रवासी विमानाचे दोन पंख धडाच्या आत असलेल्या एका भक्कम मध्यभागास दोन्हीकडून जोडलेले असतात. विमानाच्या आयुष्यात पंखांवर जास्तीत जास्त जेवढा भार येण्याचा संभव असतो, त्याच्या दीडपट भार ते सोसू शकतात हे आधी सिद्ध करावे लागते. १९९५ साली बोइंग ७७७ जातीच्या एका विमानाचे पंख जमिनीवरच मुद्दाम ओढून वाकविण्यात आले. त्या जास्तीत जास्त भाराच्या १५४ टक्के भार झाल्यावर ते मोडले. एवढे मोठे पंख मोडून पाहणे हा अपव्यय नव्हे. पुढे त्यांच्या आधाराने प्रवास करणाऱ्या माणसांच्या जिवाची ती हमी असते.

ही हमी मिळविण्यापूर्वी माणसास जबर किंमत द्यावी लागली आहे. प्रभादेवीहून उत्तरेस, माहीमच्या खाडीपलीकडे जुहूचा विमानतळ आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे येऊन, आपले छोटे विमान तेथे उतरविले आणि भारतातील हवाई टपालवाहतुकीचा नवा अध्याय सुरू झाला. ते विमान 'पस मॉथ' जातीचे होते. त्याचे पंख धडाच्या माथ्यावर जोडलेले असून त्यांस खालून तिरप्या दांड्यांचा आधार होता. त्याच सुमारास, १९३० पासूनच्या काही वर्षांत, जगाच्या निरनिराळ्या भागांत या जातीच्या काही विमानांचे पंख आकाशातच मोडले आणि त्यांतील माणसे प्राणास मुकली. कसून शोध घेतल्यावर असे आढळून आले, की खवळलेल्या हवेत पंखाची पुढली आधारदांडी थरथरून लवे आणि त्यामुळे पंख मोडे. उपाय साधाच निघाला. पुढल्या दांडीस आधार देणारी एक लहानशी जोडदांडी बसविण्यात आली. पंख तेच राहिले, यंत्र तेच राहिले. एका छोट्या आधाराने संकट टळले.

लहान नमुन्यावर शिकलेला धडा मोठ्या विमानास उपयोगी पडतो, म्हणूनच विमानांचे नमुने करणे हा केवळ खेळ समजला जात नाही. राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा १९५० साली मुंबई व कलकत्ता येथे सुरू झाली. या शाखेतील छात्रांना विमानांचे नमुने तयार करण्याचे आणि उडविण्याचे शिक्षण दिले जाते. यंत्रावर चालणारे नमुने उडविताना सरकारी नियम पाळावे लागतात आणि परवानगी नसलेल्या ठिकाणी ते उडवावयाचे नसतात. हाताने फेकावयाचे साधे ग्लायडर मात्र मोकळ्या मैदानावर, माणसे नाहीत असे पाहून, कोणासही उडविता येते.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पहाटे ती भावंडे पुन्हा शिवाजी पार्कवर गेली. मैदान अजून मोकळे होते. बहिणीने वाऱ्याकडे तोंड केले, विमान खांद्याच्या उंचीवर समतोल धरले आणि जोर न लावता, जणू वाऱ्याच्या हाती द्यावे तसे, सोडून दिले. ते सरळ निघाले. वाटेत वाऱ्याचा एक झोत आला आणि डावा पंख खाली गेला. भावाचा श्वास अडखळला. पण विमान किंचित घसरले, सावरले आणि समतोल होऊन पुढे गेले. आणि मैदानाच्या मध्याजवळ गवतावर अलगद टेकले.

भाऊ धावत गेला. त्याने विमान उचलले आणि सर्वांत आधी सांधा पाहिला. कापडाच्या पट्टीखाली तो झाकलेला होता. आत प्लायवुडची पट्टी आहे, तोंडे तीन वेळा घासली आहेत आणि दोन दिवस वाट पाहिली आहे, यातले काहीच वरून दिसत नव्हते. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात पुष्कळ मुलांनी ते विमान पाहिले. कोणी त्याच्या रंगाची स्तुती केली, कोणी शेपटीची. सांध्याविषयी कोणी एक शब्दही काढला नाही. चांगल्या सांध्याची हीच रीत आहे. तो टिकला तर कोणाच्या ध्यानात येत नाही. ध्यानात येतो तो तुटतो तेव्हाच.